आधी एसी लावा, मग वल्हं घ्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस नदीतून होडीने भटकायचं तुम्ही ठरवलंत, त्याबद्दल अभिनंदन. महिना एप्रिल-मेचाच धरा. मुलांना सुट्टी असते, आंबे असतात, कलिंगडं असतात. नसतं ते फक्त पाणी, आणि एवढ्यातेवढ्यासाठी कुणी बेत पुढे ढकलत नाही. पावसाळ्यात काय, कुणीही तरंगतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुराने अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली होती. हजारभर प्रवाशांना रबरी बोटींतून बाहेर काढावं लागलं. जिथे आगगाडीलाच बोट लागते तिथे बोट चालवण्यात कसली मर्दुमकी? त्याच नदीत एप्रिलमध्ये होडी घालून दाखवा.

होडी घ्यायची तर कनूच घ्या. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, १६ फुटी. हवा भरून फुगवायची पण मिळते, ती पिशवीत मावते, लोकलने नेता येते. म्हणूनच ती घेऊ नका. १६ फुटी प्लॅस्टिकची कनू सहज ३५ किलो भरते आणि आपल्याकडच्या लिफ्टमध्ये कुठल्याही कोनातून जात नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण आम्ही सगळे कोन करून पाहिले. मग जिन्याने नेली, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अशी काही बसली की अर्धा तास वरचे वर आणि खालचे खाली. सेक्रेटरी आले. त्यांनी होडीकडे, माझ्याकडे आणि पुन्हा होडीकडे पाहून एकच विचारलं, "पार्किंगचे पैसे टू-व्हीलरचे लावू की फोर-व्हीलरचे?" शेवटी ती सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे पालथी घातली. पाण्याच्या इतकं जवळ ती पुढे फारशी कधी गेली नाही.

रिकाम्या कनूला चार बोटं पाणी पुरतं. दोन माणसं आणि सामान चढलं की वीतभर लागतं. हे लक्षात ठेवून सामान भरपूर घ्या: तंबू, गादी, शेगडी, कुकर, आणि पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन जार. हो, नदीवर जाताना पाणी घरूनच न्यायचं असतं.

आता नदी. मुंबईत म्हणाल तर घरच्या चार आहेत, मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा. त्या भर वैशाखातही वाहतात. काय वाहतं ते विचारू नये. मिठी पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत १८ किलोमीटर आहे, म्हणजे रमतगमत दोन दिवसांचा प्रवास. नाक नसलेल्या वाचकांनी जरूर करावा.

बाकीच्यांनी कोकणात उतरावं. इथे एक भौगोलिक गैरसोय आहे. सह्याद्रीतून निघालेल्या आपल्या नद्या जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये समुद्र गाठतात. चार महिन्यांचा पाऊस धबाधबा येतो आणि तितक्याच घाईने निघून जातो. होळीपर्यंत नदीच्या जागी डोह उरतात, आणि दोन डोहांच्या मधे तापलेले धोंडे. मग कोलाडला कुंडलिका नदीत भर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं ते कसं? नेरळ-कर्जतला उल्हास नदी मे महिन्यातही का वाहते?

याचं उत्तर हवामानखात्याकडे मिळत नाही, विजेच्या बिलावर मिळतं. टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधली आणि तिकडचं पाणी बोगद्यांतून, नळांतून खाली कोकणात सोडून वीज काढायला सुरुवात केली: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. पूर्वेकडे भीमेला, पुढे कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं पाणी मुंबईच्या दिव्यांसाठी पश्चिमेला वळलं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं पेज नदीतून उल्हासला मिळतं, भिऱ्याचं, म्हणजे मुळशी धरणाचं, कुंडलिकेत. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. आज त्याच मुळशीच्या पाण्यावर केशरी जॅकेट घातलेली मंडळी "गणपती बाप्पा मोरया" म्हणत कोलाडला उसळ्या मारतात. सकाळी पाणी सोडलं की नदी, थांबवलं की धोंडे.

तेव्हा तज्ज्ञ मंडळी क्युसेक, पाणीपातळी वगैरे सांगतील तिकडे दुर्लक्ष करा. तुमचं नियोजन घरापासून सुरू होतं. निघण्याच्या आदल्या रात्री घरातले सगळे एसी १८ वर लावा. गिझर चालू ठेवा, इस्त्री तापवून ठेवा. शेजाऱ्यांना विनंती करा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. मुंबईला वीज हवी झाली की घाटाखाली जनित्रं फिरतील, आणि जनित्रं फिरली की तुमच्या होडीखाली वीतभर पाणी येईल. निसर्गाच्या सान्निध्यात जाण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

भातसा नदीही चालेल. तिला उन्हाळ्यात पाणी असतं, कारण ते तुमचंच आहे. मुंबई पिते त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी भातसा धरणातून येतं. धरणातून ते नदीत सोडतात आणि खाली पिसे इथे उचलून, पांजरापूरला शुद्ध करून तुमच्या नळाला पाठवतात. म्हणजे सकाळी शॉवरखाली जरा जास्त वेळ उभे राहिलात तर नदीतून पाणी चाललंय ते तुमच्याचसाठी. फक्त पिशाच्या पुढे जाऊ नका, तिथून पुढची नदी तुम्ही अंघोळीलाच वापरलेली असते. आणि मुक्काम शहापूर तालुक्यात पडला तर तंबू रस्त्यापासून आत ठोका. भातसा, तानसा, मोडकसागर अशी धरणं उशाला असलेल्या या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो. हंडे घेऊन बसलेल्या बायका तुमची होडी बघून "कुठं निघाला?" असं विचारतात, आणि त्याला चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

अंतराचा हिशेब सोपा आहे. भरल्या नदीत दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर होतात, उथळ नदीत निम्मेही होत नाहीत. तुम्ही तीसच धरा. कर्जत ते बदलापूर लोकलने पाऊण तासाच्या आत होतं, रेल्वेने ३२ किलोमीटर. नदी वळणं घेत जाते म्हणून आम्ही दोन दिवस धरले होते. पाणी वाचायला शिका असं सगळे सांगतात. दोन खडकांमधून पाण्याची जीभ खाली निमुळती होत गेली तर ती वाट. निमुळतं टोक तुमच्याकडे असेल तर त्याच्याखाली दगड. वळणावर बाहेरच्या काठाला खोल, आतल्या काठाला रेती. सगळं खरं आहे, पण त्यासाठी वाचायला काहीतरी पाणी लागतं. मी म्हशीवर विसंबतो. म्हशीचं नुसतं डोकं दिसत असेल तर खुशाल जा. पाठ दिसली तर सामान काढा. पोट दिसलं तर दोरी बांधून होडी ओढत न्या, पायात बूट ठेवा, शेवाळावर चप्पल टिकत नाही. आणि खूर दिसले तर होडी डोक्यावर घ्या.

कर्जतच्या खाली दुसऱ्या वळणावर आम्हाला खूर दिसले. रविवार होता, अकरा वाजले होते, धोंड्यांचे चटके बसत होते. होडीच्या तळाने दगडावर असा खर्रर्र आवाज केला की माझ्या मित्राने, होडीत त्याचे पैसे जास्त होते, डोळे मिटून घेतले. म्हशींचे मालक काठावर करंजाखाली बसले होते. तासभर त्यांनी आमचं ओढणं, उचलणं, ठेवणं शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, "पावर हाऊसचं पानी यायचंय अजून."

"कधी येईल, बाबा?"

"ते मंबईवाल्यांना ठावं." जरा थांबून म्हणाले, "तुमी कुठले?"

आम्ही ठाणे सांगितलं.

अशा वेळी त्यांचा नंबर घेऊन ठेवा, आम्ही घेतला. पुढे नेटाने गेलात तर बदलापूरच्या बंधाऱ्यामागे तुंबलेलं, खरंखुरं, खोल पाणी मिळतं, आणि त्यावर बहुधा जलपर्णी. तीत वल्हं घातलं की ते बाहेर येत नाही आणि आलं तर पाच किलो भाजी घेऊन येतं. कल्याणनंतर खाडी लागते. तिथे नदीचा प्रश्न मिटतो आणि भरतीचा सुरू होतो. आमच्याकडचे कोळी तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. हा हिशेब समुद्राकाठचा, खाडीत आत भरती उशिरा पोचते. तुम्ही अर्थातच मोबाइल बघाल आणि ओहोटीला गुडघाभर चिखलात उभे राहाल. कालनिर्णय सोबत ठेवा, निदान त्यावर बसता येतं.

आमची होडी भिवपुरी रोड स्टेशनच्या अलीकडेच टेम्पोत चढली. टेम्पोवाल्याने भाडं सांगताना विचारलं, "पाण्यात चालते ना ही?" मित्र काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "साहेब, पानी आलं बगा. म्हशी पार बुडल्या. तुमची होडी कुठंय?"

मी ऑफिसात होतो. एसी १८ वर होता आणि मी स्वेटर घातला होता.