14 दिवस म्हणे!

शुगर मोजणाऱ्या सेन्सरच्या खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं, 14 दिवस. कुणाच्या दंडावर 14 दिवस, ते मात्र कुठेच छापलेलं नसतं. पावसाळ्यात डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या बाईच्या दंडावर तर नक्कीच नाही. आज पुन्हा एक सेन्सर, म्हणजे दंडाला चिकटवायची ती चकती, गेला. निम्मी मुदतसुद्धा झाली नव्हती. दादरला उतरताना कुणाच्या तरी पर्सचा पट्टा अडकला आणि पाच हजारांच्या घरातली वस्तू कुर्त्याच्या बाहीत लोंबायला लागली. त्याची ती बारीक तार कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर असते. एकदा बाहेर आली की खेळ खलास, परत आत घालता येत नाही.

मला टाइप वन डायबिटीस आहे. म्हणजे जेवायच्या आधी इन्सुलिन, रात्री इन्सुलिन, आणि मधल्या वेळात शुगर कुठे चाललीये यावर डोळा. सेन्सर ही हौस नाही. रात्री झोपेत शुगर 70च्या खाली घसरायला लागली तर मला उठवणारी ती एकच गोष्ट घरात आहे. त्यामुळे 'नको लावूस मग' हा सल्ला ज्यांना द्यायचाय त्यांनी तो स्वतःजवळच ठेवावा.

तर कस्टमर केअर. तिथे दोन कप्पे आहेत. सेन्सरने एरर दाखवली, तर सीरियल नंबर घेतात, जुना सेन्सर जपून ठेवायला सांगतात आणि बदलून देतात. सेन्सर निघून आला, की आवाजच बदलतो. "मॅडम, लावण्याआधी स्किन क्लीन केली होती का? लोशन वगैरे? जागा ड्राय होती ना?" अहो, ड्राय? जुलैमध्ये मुंबईत ड्राय काय असतं ते एकदा दाखवा मला! पापड मऊ पडतो इथे, वाळत घातलेले टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर असतात, आणि माझा दंड तेवढा कोरडा ठणठणीत हवा! शेवटी ठरलेलं वाक्य येतंच: "हे फिजिकल डॅमेजमध्ये येतं, मॅडम." म्हणजे तार बिघडली तर दोष तुमचा, गोंद सुटला तर दोष माझा. गोंद काय मी घरी खळ शिजवून लावला होता का?

आणि गोंद का सुटतो हे काही गूढ नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो सतत झडत असतो. गोंद चिकटतो तो त्याच थराला. वरून घाम, आंघोळ, डोक्याला लावलेलं तेल, बॅगेचा पट्टा, बाहीचं घासणं. आठवड्याभरात कड उचलली जाते, कडेखाली धूळ आणि कपड्याचे धागे जमतात, काळी रिंग तयार होते. हे मला कळतं, तर बनवणाऱ्यांना कळत नसेल? दमट हवेत विकताय, तर दमट हवेत टिकेल असं काहीतरी द्या. नाहीतर खोक्यावर प्रामाणिकपणे छापा, 'नशीब असेल तर 14'.

तो टिकवायचा म्हणजे आता एक जोडधंदाच होऊन बसलाय. आदल्या रात्री आंघोळ, साधा साबण, क्रीम नाही. स्पिरिटच्या पट्टीने पुसायचं आणि फुंकर न मारता वाळू द्यायचं. दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे मांस आहे तिथेच लावायचा. जरा बाहेरच्या बाजूला सरकला की प्रत्येक दाराची चौकट त्याला ओळखते. वरून टेप लावायची, पण सेन्सरच्या मधलं बारीक भोक झाकायचं नाही. टेपची कड गोल कापायची, कारण कोपरा आधी सुटतो. टेप भिजून निघायला लागली की ती बदलायची, आणि बदलताना तिच्याबरोबर सेन्सरच उपटून यायची भीती. म्हणून बदलायची नाही, नुसती कड कातरायची. ज्या दंडावर सेन्सर त्या कुशीवर झोपायचं नाही, कारण दाब पडला की शुगर खोटीच कमी दिसते आणि रात्री तीनला सगळं घर उठतं. दिवाळीत माझं अभ्यंगस्नान एका हाताचं असतं. सासूबाईंना आधी ते चमत्कारिक वाटायचं, आता उटण्याची वाटी पुढे करताना त्याच म्हणतात, "तो हात सोड गं."

हे सगळं करूनही लोकलमधल्या एका पर्सपुढे काही चालत नाही.

आणि कातडीचं काय? 2017 मध्येच त्वचातज्ज्ञांनी लिहून ठेवलंय की एका सेन्सरमधल्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नावाच्या रसायनाने काहींना ॲलर्जी येते. मला तेवढं होत नाही, नुसती लाल खाज सुटते. जास्त घट्ट चिकटणारी टेप लावली की खाज जास्त, कमी चिकटणारी लावली की सेन्सर रस्त्यावर. निवडा काय ते.

पण माझं डोकं खरं फिरतं ते मुदतीवर. समजा चमत्कार झाला, सेन्सर टिकला. आकडे बोटाच्या रक्ताशी मस्त जुळतायत, गोंद घट्ट आहे. तरी 14 दिवस भरले त्या मिनिटाला तो बंद होतो. अजून एक रात्र चालू दे म्हटलं तर नाही. एकदा रविवारी दुपारी संपला, जवळच्या मेडिकलमध्ये नवा नव्हता, कुरिअर मंगळवारी. दंडावर चांगला सेन्सर आणि मी बोट टोचत बसलेली. म्हणजे तुमच्या बाजूने हिशोब मिनिटाचा, आणि माझे जे दिवस बुडतात त्यांचा हिशोब कुणाच्याच वहीत नाही. सुरक्षिततेसाठी आहे म्हणतात. असेल. मग त्याच काटेकोरपणाने बुडालेल्या दिवसांचे पैसे परत द्या ना!

पैशांचं सांगतेच. 14 दिवस धरले तर वर्षाला 26 सेन्सर, साधारण एक लाख तीस हजार. प्रत्येक सेन्सर सरासरी 10 दिवसच टिकला तर 36-37 लागतात, खर्च एक लाख ऐंशी हजारांच्या वर. हा मधला पन्नास हजारांचा फरक नुसत्या गोंदाचा आहे. माझा मेडिक्लेम यातला छदामही देत नाही, त्यांना मी ॲडमिट झालेली हवी आहे. गंमत बघा, झोपेत शुगर पडून बेशुद्ध झाले तर बिल भरतील, ती पडू नये म्हणून लावलेल्या सेन्सरला एक पैसा नाही.

आज ऑफिसात पोचल्यावर एकजण म्हणाली, "अगं, पण शुगर एवढी सारखी बघायची कशाला? माझे काका तर महिन्यातून एकदा लॅबमध्ये बघतात." तुझ्या काकांना टाइप टू आहे बाई, आणि ते गोळ्या घेतात, मी इन्सुलिन घेते. हे मी तिला अनेकदा सांगितलंय. आज नाही सांगितलं. आज जेवणाआधी बोट टोचलं, 212 आली, आणि ती वर चाललीये की खाली हे कळायला मार्गच नव्हता, कारण बाण दाखवणारी चकती पर्समध्ये टिश्यूत गुंडाळून पडली होती.

आणि हो, वरून लावायच्या त्या टेपही वेगळ्या विकत घ्याव्या लागतात.