ट्रान्सप्लांटवाल्यांना लस चालत नाही म्हणे!

एकच मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय, त्यातल्या दोघांनी तर अगदी काळजीने, कारण माझी किडनी बदललेली आहे हे त्यांना माहितीये. मेसेज असा: "अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या अंगात लस काम करत नाही, निम्म्या लोकांत अँटीबॉडीच तयार होत नाहीत. उलट लसीने इम्युनिटी चवताळते आणि बसवलेला अवयव रिजेक्ट होतो. त्यापेक्षा घरात जपून राहा." यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्यामुळेच बाकीचं खपतं.

आधी ते निम्म्याचं बघू. आकडा खोटा नाहीये. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी ६५८ ट्रान्सप्लांटवाल्यांना कोविडच्या एमआरएनए लसीनंतर तपासलं, तर पहिल्या डोसनंतर १५ टक्के आणि दुसऱ्यानंतर ५४ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या. धडधाकट माणसांत हे जवळपास शंभर टक्के असतं, त्यामुळे फरक मोठा आहे हे मान्यच. कारणही उघड आहे, बसवलेला अवयव टिकावा म्हणून आपण रोज इम्युनिटी दाबणाऱ्या ज्या गोळ्या घेतो त्यातली टॅक्रोलिमस टी पेशींना (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) जागं होऊ देत नाही आणि मायकोफेनोलेट अशा लढणाऱ्या पेशींची वाढच रोखते, आणि लस दिल्यावर नेमक्या ह्याच पेशींनी भराभर वाढायचं असतं. मायकोफेनोलेट चालू असलेल्यांत प्रतिसाद जास्त कमी येतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. (म्हणून लसीसाठी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका हां, किडनी जाईल ती त्यानेच जाईल.)

पण मेसेज दुसऱ्या डोसपाशीच थांबतो आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे. फ्रान्समध्ये तुलूझला १०१ जणांना तिसरा डोस दिला. पहिल्यानंतर ४ टक्के, दुसऱ्यानंतर ४० टक्के आणि तिसऱ्यानंतर ६८ टक्के, आणि दोन डोसनंतर ज्यांच्यात काहीच नव्हतं त्यातल्याही ४४ टक्के लोकांत अँटीबॉडी आल्या. मग ह्याला लस चालत नाही म्हणायचं की डोस कमी पडत होते म्हणायचं? अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये अशा पेशंटसाठी तिसऱ्या डोसला परवानगी मिळाली. फ्लूचंही तेच, साध्या डोसपेक्षा हाय-डोस किंवा अ‍ॅडज्युवंटवाल्या (म्हणजे प्रतिसाद वाढवणारा पदार्थ घातलेल्या) लसीने ट्रान्सप्लांटवाल्यांत प्रतिसाद चांगला येतो.

आणि रिपोर्टमधला अँटीबॉडीचा आकडा म्हणजे सगळं संरक्षण नव्हे, टी पेशींचं काम त्यात दिसतच नाही. फ्लूवरचा २० सेंटर्सचा, पाच वर्षांचा एक अभ्यास आहे, त्यातले ६१६ जण अवयव किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेले, आणि सगळ्यांना फ्लू झालेलाच होता. म्हणजे लस घेतलेल्यांतही ती आजार अडवू शकली नव्हती. तरी त्या सीझनला लस घेतलेल्यांत न्यूमोनिया आणि आयसीयूत जायचं प्रमाण बरंच कमी होतं. निरीक्षणाचा अभ्यास आहे, शंभर टक्के पुरावा नाही म्हणा हवं तर, पण मला आयसीयू टळत असेल तर मी दंड पुढे करीन.

आता रिजेक्शन, म्हणजे शरीराने बसवलेला अवयव परका समजून नाकारणं. ही भीती मी समजू शकते, ट्रान्सप्लांटवाल्याला ह्या एका शब्दाने झोप लागत नाही. पण लस शरीराला त्या जंतूचा एखादा तुकडा ओळखायला शिकवते, दात्याच्या अवयवावरच्या खुणा नाही. नागिणीच्या नव्या लसीची चाचणी २६४ किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांवर झाली, त्या लसीत तर इम्युनिटीला चांगलं ढोसणारं अ‍ॅडज्युवंट असतं, तरी रिजेक्शन प्लासिबोवाल्यांपेक्षा (म्हणजे लसीऐवजी नुसतं औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा) जास्त झालं नाही. उलट खरं इन्फेक्शन झालं की डॉक्टरांना आपल्या गोळ्या कमी कराव्या लागतात, तेव्हा अवयवाला धोका असतो, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

मेसेजमागची मूळ गोष्ट बहुतेक अशी असावी की जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असलेल्या लसी ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप, नाकात फवारायची फ्लूची लस. त्याही रिजेक्शनच्या भीतीने नाही, तो दुबळा विषाणूच आपल्यात वाढू शकतो म्हणून. ह्या लसी ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी उरकायच्या असतात. नागिणीची जुनी लस जिवंत होती, नवी नाही, त्यामुळे तिथे तर हमखास घोळ होतो. हेपटायटिस बी डायलिसिसवर असतानाच, दुप्पट डोसने घेऊन टायटर, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण, तपासतात. ट्रान्सप्लांटनंतर बहुतेक निष्क्रिय (जिवंत जंतू नसलेल्या) लसींसाठी ३ ते ६ महिने थांबवतात, फ्लूची महिन्याभरानेही देतात.

राहिलं घरात जपून राहणं. राहा की, पण घरातली बाकीची माणसं कामाला, शाळेला जातातच ना, इन्फेक्शन त्यांच्याबरोबरच घरात येतं, म्हणून त्यांच्या लसी आपल्याइतक्याच महत्त्वाच्या. त्यांना बऱ्याचशा जिवंत लसीही चालतात, तोंडावाटे द्यायची पोलिओची मात्र टाळायला सांगतात, आणि बाळाला रोटाव्हायरसचा डोस दिला असेल तर पुढचे चार आठवडे त्याचं डायपर दुसऱ्या कुणीतरी बदलायचं.