बेचाळीस

गेल्या रविवारपासून आमच्या गल्लीत माझे नाव बेचाळीस आहे. दूधवाल्याला ते सोमवारीच ठाऊक झाले होते. काल इस्त्रीवाल्याने माझ्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर खडूने 42 असा आकडा टाकलेला दिसला, तेव्हा तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला जितके शांत राहता येते तितके शांत राहून मी त्याला एवढेच सांगितले, की खरा आकडा एकोणचाळीस आहे. त्याने खडूला हातसुद्धा लावला नाही. लातूर पॅटर्नच्या या गावात माणसाला आकडा चिकटणे नवे नाही. पण इथली पोरे निदान स्वतः मिळवलेला आकडा मिरवतात. माझा शेजाऱ्याने मोजलेला आहे, आणि तोही चुकीचा.

प्रकरण थोडक्यात असे. भंगाराच्या दुकानात अकराशे रुपयांना मिळालेला एक जुना पेट्रोलचा चेनसॉ मी तीन महिने खपून उघडला, धुतला आणि पुन्हा जोडला. सायलेन्सर काढून त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात पिस्टन पाहिला. त्यावर उभे ओरखडे नव्हते, म्हणून हुरूप आला. कार्बोरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता, तो बदलला. टाकीतली नळी हातात घेताच तिचे तुकडे झाले. साखळीचा एकेक दात गोल कानशीने घासून काढला. ज्या लातूर जिल्ह्यात जंगल औषधालाही सापडत नाही, तिथे झाड कापायचे यंत्र घेऊन तुम्ही काय करणार, असे पत्नीने विचारले होते. शनिवारी रात्री वळवाचा पाऊस झाला, समोरच्या कडुनिंबाची मांडीएवढी जाड फांदी गल्लीत आडवी पडली आणि मला परस्पर उत्तर मिळाले.

रविवारी सकाळी मी एक लिटर पेट्रोलमध्ये मोजून वीस मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळले, मोटरसायकलचे हेल्मेट घातले आणि यंत्र घेऊन बाहेर आलो. समोरच्या ओट्यावर अण्णा बसले होते.

अण्णा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माणसे मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतर मोजायला माणसे उरली नाहीत म्हणून ते गल्लीतून जाणारी डुकरे, लग्नाच्या वरातीतल्या गाड्या आणि समोरच्या घरी आलेले पाहुणे मोजतात. तेरावा पाहुणा आत शिरला की त्यांच्या चेहऱ्यावर ‘मागं सरका’ असा भाव येतो. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, “काय करायलाव, सर?” मी म्हणालो, “फांदी कापतो.” ते म्हणाले, “कापा, कापा. मी हायच.” आणि त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली. मी दोरी ओढली. “एक,” अण्णा म्हणाले.

इथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे, कारण माझी सगळी बाजू त्यावरच उभी आहे. थंड चेनसॉ सुरू करताना चोक लावायचा, म्हणजे हवेची वाट अडवून पेट्रोल जास्त जाऊ द्यायचे, आणि कान देऊन दोरी ओढत राहायची. पहिल्या काही ओढींतच इंजिन एकदा ‘फट्’ असा आवाज करून गप्प होते. ही त्याने दिलेली ओ असते. ती ऐकताक्षणी चोक काढला, तर पुढच्या एकदोन ओढींत यंत्र चालू होते. ती ऐकलीच नाही आणि चोक तसाच ठेवून ओढत राहिलो, तर आत पेट्रोलच पेट्रोल होते, प्लग भिजतो आणि ठिणगी पडेनाशी होते. माझ्या यंत्राने पाचव्या ओढीला ओ दिली होती, असे माझे ठाम मत आहे. ती मला ऐकू आली नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी अण्णांनी, भर गर्दीच्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात, “पाच!” असे म्हटले.

विसाव्या ओढीपर्यंत इस्त्रीवाला, दोन पोरे आणि पेपर टाकणारा एवढे लोक जमले. पंचविसाव्याला माझा खांदा भरून आला, म्हणून विश्रांतीचे निमित्त काढून मी जमलेल्या मंडळींना माहिती दिली, की साखळीच्या करवतीचा उगम लाकूडतोड्यांकडे नसून डॉक्टरांकडे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची दातेरी साखळी वापरली होती. अण्णांनी हे मन लावून ऐकले आणि म्हणाले, “तरीच. दवाखान्याची मशीन हाय. ॲडव्हान्स भरल्याबिगर हात लावू देत न्हाई.”

छत्तीस झाल्यावर मी प्लग काढला. तो ओलाचिंब होता. अशा वेळी प्लग बाहेर ठेवूनच दोरी तीनचार वेळा ओढायची असते, म्हणजे आत साठलेले पेट्रोल भोकातून बाहेर फेकले जाते. मी तसे तीनदा ओढले, प्लग फडक्याने पुसून परत बसवला, चोक काढला आणि पुन्हा ओढू लागलो. तिसऱ्या ओढीला चेनसॉ असा गरजला, की ओट्यावरचे मांजर भिंतीवर गेले. त्या आवाजावर आवाज काढून अण्णा “बेचाळीस!” असे ओरडले आणि हवेतली दोरी दोनदा ओढून त्यांनी मला डबल बेल दिली.

फांदीचे तीन तुकडे व्हायला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. ते कोणी मोजले नाही.

यंत्र बंद करून मी अण्णांकडे गेलो आणि त्यांना समजावले, की प्लगच नसताना इंजिन सुरू होणे शक्यच नव्हते, तेव्हा त्या तीन ओढी प्रयत्नांत धरता येत नाहीत. छत्तीस आणि तीन, एकोणचाळीस. अण्णा म्हणाले, “सर, पंच्याहत्तरीच्या पुढल्याला एसटी फुकट हाय का न्हाई?” मी म्हणालो, “आहे.” “पण त्यालाबी झिरोचं तिकीट फाडावं लागतंय. पैसे न्हाई दिले म्हणून माणूस बसलाच न्हाई असं कसं म्हणावं? दोरी वढली का न्हाई?” मी म्हणालो, “ओढली.” “मग मोजली.” मी गणिताचा शिक्षक आहे आणि यावर मला आजतागायत उत्तर सुचलेले नाही, हे मला त्या नावापेक्षाही जास्त लागले आहे.

परवा मी गंजगोलाईच्या बाजारात बॅटरीवरची करवत पाहायला गेलो. सोबत अण्णाही आले. मी बोलावले नव्हते. बॅटरीवर माझा राग नाही. चोक नाही, प्लग नाही, बटण दाबले की साखळी फिरते, आणि मुख्य म्हणजे मोजण्यासारखे काहीच नसते. अठरा व्होल्ट आणि चार अँपिअर-अवर म्हणजे बहात्तर वॅट-अवर. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ हजार असतात. त्यातला बहुतेक भाग इंजिन नुसत्या उष्णतेत घालवते हे खरे, तरी जाड लाकडाला बॅटरी पुरवून पुरवून वापरावी लागते, इतकाच तिचा दोष. माझी तक्रार दुसरी आहे. प्रत्येक कंपनीच्या बॅटरीची खाच वेगळी असल्यामुळे ड्रिल एका घराण्यातले घेतले की करवतही त्याच घराण्यात बघावी लागते, आणि सोयरीक मोडायची म्हटली तर घरातला चार्जरसुद्धा परका होतो. माझ्या जुन्या चेनसॉचा पडदा निदान दहा दुकानांत हिंडल्यावर मिळाला तरी. तिथेही नऊ जणांनी ‘नवीनच घ्या की’ असे सांगितले होते, आणि त्यातल्या एकानेही यंत्राकडे मान वळवून पाहिले नव्हते.

दुकानातल्या मुलाने एक लहानशी करवत काउंटरवर ठेवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 42 व्होल्ट असे छापले होते. मी त्याला सांगितले, की या आकाराच्या बॅटरीत लिथियमचे पाच सेल असतात, प्रत्येकाचे 3.6 धरले तर अठरा व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज केल्यावरचे 4.2 धरले तर एकवीस, आणि त्याच बॅटरीला कोणी अठरा म्हणते, कोणी वीस, कोणी एकवीस. पण बेचाळीस कुठून आणले?

“बॉक्समध्ये दोन बॅटऱ्या येतात, सर,” तो म्हणाला. “एकवीस आन् एकवीस.”

“पण एका वेळी एकच बसते ना?”

“बसते एकच. पण येतात तर दोन.”

मी आधारासाठी अण्णांकडे पाहिले. त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. “बराबर हाय,” ते म्हणाले. “घेऊन टाका, सर. तुमचाच आकडा हाय.”

मी साठ रुपयांची गोल कानस घेतली. दुकानातल्या मुलाने पावतीवर कोणाचे नाव टाकू, असे विचारले, आणि मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी ते सांगितले.