बुरूज ढासळलाय, पोराला सोडा

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, इयत्ता चौथी, सहामाही उरकलेली. म्हणजे धाक घालायलासुद्धा हातात काही नाही. वर्गातल्या यच्चयावत नखांत लाल माती. २०२५च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि कोल्हापुरातल्या गल्लीबोळातल्या प्रत्येक पोराला दारात पन्हाळाच करायचाय. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटलं, तर बोटाच्या दोन्ही बाजूंनी बोलणं चालू. एकानं ढाल तुटलेला मावळा फेव्हिकॉल लावून माझ्या हजेरीपटावर वाळत ठेवलेला. प्रशिक्षणात सांगतात, मुलांच्या उत्साहाला विधायक वळण द्या. दिलं वळण. फळ्यावर पन्हाळा काढला आणि म्हटलं, चला, तटबंदीची परिमिती काढू.

तेवढ्यात दारात एक आजोबा. कोपरापर्यंत चिखल, काखेत पिशवी.

“बाई, आमच्या बारक्याला सोडा. बुरूज ढासळलाय.”

“आजोबा, शाळा सुटायला दीड तास आहे अजून.”

“तंवर तट बी जाईल की. माती वाळाय लागलीया.”

“मग अर्ज द्या.”

“अर्ज? महाराजांनी काय सिद्दी जौहरला अर्ज दिल्ता व्हय, गड सोडतो म्हणून?”

वर्ग खिदळला. पण इथं मी त्यांना पकडलं. “दिला होता! शरण येतो म्हणून निरोप धाडला होता.”

“आनि मग सुटलेच न्हवं? मग झालं तर.”

यावर काय बोलणार? आजोबा आत आले, माझ्या खुर्चीत बसले आणि फळ्याकडं बघून म्हणाले, “ह्यो पन्हाळा? पुरणपोळी फाटल्यागत दिसतोय.” बाहीनं अर्धा किल्ला पुसला. मग सुरू झालं. १६६० साल, चार महिन्यांचा वेढा, आषाढातला पाऊस, दोन पालख्या. शिवा काशीद पालखीत बसला म्हटल्यावर मागच्या बाकावरच्यानं तोंडातली गोळी चघळायची थांबवली. घोडखिंडीपर्यंत वर्गात पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. ती वर्गात आहे हेच मला जूनपासून ठाऊक नव्हतं. हाच धडा मी नकाशा टांगून, गटकार्य घेऊन शिकवला, तेव्हा हीच कार्टी जांभया देत होती. आजोबांपाशी ना पाठटाचण, ना अध्ययन निष्पत्ती. डी.एड. तर नाहीच नाही.

आणि उठताना म्हणतात, “तुमचं बरं हाय बाई. घटकाभर शिकवायचं, की सुट्टी.”

हे मला लागलं. अजून लागतंय. पहिली ते पाचवीला कायद्यानं वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरवावी लागते. त्या दिवसांत पोषण आहाराचा हिशोब, मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती आणि उरलेल्या वेळात भागाकार. सुट्टी लागली तरी ग्रुपवर ‘तात्काळ’ लिहिलेले संदेश येतच असतात, अगदी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही. घरी चकलीचा सोऱ्या एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. पण हे कुणाला सांगायचं? रिक्षावाला, भाजीवाली, नणंद, सगळ्यांना माझ्या सुट्ट्या तोंडपाठ.

त्या दिवशी फटाकेमुक्त दिवाळीच्या शपथेचा फोटोही दुपारी तीनच्या आत पाठवायचा होता. मुलांना रांगेत उभं केलं. आजोबा निघालेच नव्हते. “शपथ व्हय? घेतो की,” म्हणून ऐन मध्ये उभे राहिले, नातवाला पुढ्यात धरून, हात लांब करून. मी मुकाट्यानं फोटो काढून पाठवला. मग मोठा करून बघितला, तर काखेतल्या पिशवीतून फुलबाज्यांचं खोकं आणि लवंगीची माळ बाहेर डोकावतेय.

वरून पाचच मिनिटांत उत्तर आलं: “स्तुत्य उपक्रम. ज्येष्ठांचा सहभाग उल्लेखनीय. संबंधित शिक्षकांचं नाव कळवावं.”

आजोबांनाच शिक्षक समजले होते.