टाकळीचे काटेरी गोळे आणि आर्किओपाइलचा हट्ट

भाऊ, प्रतिक्रिया नीट वाचली. नागपुरातल्या टाकळीच्या इंटरट्रॅपियन थरातून (लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून) तुम्हाला तीन सूक्ष्म काटेरी गोळे, म्हणजे जीवाश्म, मिळाले. काटे टोकाला दुभंगलेले, नेहमीपेक्षा आखूड, म्हणून ती स्पिनिफेराइट्सची नवी प्रजाती, असं तुमचं म्हणणं. स्पिनिफेराइट्स म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी जीवांच्या सिस्टचा (विश्रांतीच्या काळातल्या टणक कवचाचा) एक वंश. आणि मी मानत नाही तो माझा आर्किओपाइलचा (सिस्टमधून पेशी बाहेर पडते त्या भोकाचा) पुस्तकी हट्ट, असा तुमचा आक्षेप.

आधी माझी चूक. ‘डायनोफ्लॅजेलेट समुद्राबाहेर नसतातच’ हे वाक्य मागे घेतो. पेरिडिनियम, सिरेशियम तळ्यांतही राहतात, सिस्टही करतात. पण स्पिनिफेराइट्स मुख्यतः समुद्री, आणि टाकळीच्या थरात सापडतात कॅरोफाइट शैवालं आणि गोड्या पाण्यातले ऑस्ट्राकोड (दोन शिंपल्यांचं कवच असलेले चिमुकले जीव). तिथे असा दावा करायचा तर पुरावा भक्कम लागणार.

काटे काय, कोणालाही येतात. बीजाणूंना, परागकणांना, डेस्मिड या गोड्या पाण्यातल्या शैवालांच्या झायगोस्पोरना (मीलनानंतरच्या जाड भिंतीच्या पेशींना). १८३०च्या दशकात एरेनबर्ग या जर्मन निसर्गअभ्यासकाने फ्लिंट या गारगोटीसारख्या दगडातले असलेच गोळे झँथिडियम या डेस्मिड वंशात टाकले होते. ते डायनोफ्लॅजेलेटचे सिस्ट आहेत हे १९६१ मध्ये एविट या जीवाश्मतज्ज्ञाने दाखवलं, ते आर्किओपाइल आणि पट्टिकांच्या (पेशीच्या चिलखताच्या तुकड्यांच्या, ज्यांची मांडणी सिस्टवर उमटते) जोरावर. तुमची गाडी बहुधा उलट्या दिशेने घसरली आहे: भलत्याच गोळ्याला सिस्ट म्हणताय.

काटा कुठे उगवलाय ते बघा. स्पिनिफेराइट्समध्ये पट्टिकांच्या कोपऱ्यावरचा काटा तीन फाट्यांचा, दोन कोपऱ्यांमधल्या शिवणीवरचा दोन फाट्यांचा. तुमच्या फोटोत सरसकट दोनच फाटे, आणि शिवणींचा पत्ता नाही. लांबीचं तर सोडाच. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम या दुसऱ्या एका सिस्टचे काटे पाण्यातलं मीठ कमी झालं तरी आखूड होतात, प्रजाती तीच.

राहिलं ते भोक. दुसऱ्या फोटोत आहे खरं, पण कड फाटक्या पापडासारखी. आर्किओपाइल म्हणजे ठरावीक पट्टिका शिवणीवरून सुटून निघालेली; स्पिनिफेराइट्समध्ये पाठीवरची तिसरी प्रीसिंग्युलर, म्हणजे सिंग्युलमच्या (कंबरेभोवतीच्या खाचेच्या) लगेच वरच्या ओळीतली. कड रेखीव, कोपरे स्पष्ट, आणि दर नमुन्यात जागा तीच. सुटलेलं झाकण कधी सिस्टच्या आतच पडलेलं दिसतं. तुम्ही गाळ नायट्रिक आम्लात वीस मिनिटं उकळलात. एवढ्याने भिंत पातळ होऊन कुठेही फाटते, आणि पेरिडिनिओइड गटातले काही सिस्ट तर पार नाहीसे होतात.

उरलेल्या चर्टला (त्या थरातल्या सिलिकायुक्त खडकाला) आधी १०% हायड्रोक्लोरिक आम्ल, फेस थांबेपर्यंत. मग धुऊन हायड्रोफ्लोरिक, तेही फ्यूम हूड असलेल्या प्रयोगशाळेतच. क्रम चुकला तर कॅल्शियम फ्लोराइड साचून स्लाइड गढूळ होते. नायट्रिक अजिबात नको. १० मायक्रॉनच्या जाळीवर चाळा. नमुन्याची जागा इंग्लंड फाइंडरवर (चौकटी कोरलेल्या प्रमाणित काचपट्टीवर) नोंदवा, स्टेजचे आकडे दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपवर जुळत नाहीत.

फोटो मात्र तीन फोकसवर हवेत: वरचा, मधला, खालचा. गोन्यालॅकॉइड (स्पिनिफेराइट्सच्या गटातला) सिस्ट शिखर वर करून पोटाकडून पाहिला, तर सिंग्युलमचं आपल्या उजवीकडचं टोक वर आणि डावीकडचं खाली दिसतं. उलटं दिसलं तर तुम्ही पाठीकडून आरपार बघताय. आणि सिंग्युलमच दिसत नसेल, तर फर्नच्या बीजाणूवरची तीन रेघांची खूण शोधायला लागा.