टँकचं दुधाळ पाणी: त्या कमेंटला माझं उत्तर

माशांच्या नव्या टँकचं पाणी दुधाळ झालं तर सगळं न उपसता थांबा आणि फक्त २५ टक्के पाणी बदला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरच्या कमेंटखालीच लिहायला बसले होते पण ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी मूळ कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी, एका वाचकांनी लिहिलंय: "ताई, लेख ठीक आहे पण स्वयंपाकघरातलं लॉजिक टँकला लावू नका. पाणी दुधाळ झालं की सगळं काढून टँक घासायचा, तुरटी फिरवायची, सकाळी काचेसारखं पाणी. अमोनिया न मोजता लोकांना 'थांबा' सांगणं म्हणजे मासे मारायची कामं. आणि २५ टक्के म्हणजे किती ते तरी लिहा."

शेवटचं आधी घेते. माप द्यायला हवं होतं, मान्य. दोन फुटी टँक, २४ बाय १२ बाय १२ इंचाचा, काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर, खडी वगैरे धरून पाणी ५० च्या आसपास, त्यातलं २५ टक्के म्हणजे आपली १६ लिटरची बादली पाऊण भरून. लेखात टाकते. झालं समाधान?

आता ते स्वयंपाकघर. मी लेखात एवढंच लिहिलं होतं की जुन्या टँकचा स्पंज नव्या फिल्टरमध्ये टाकणं हे विरजण लावण्यासारखं आहे, त्यातले कामाचे बॅक्टेरिया नव्या टँकमध्ये जातात. एवढ्यावरून तुम्ही मला ओट्यापाशी उभं केलंत. हेच उदाहरण एखाद्या दादांनी दिलं असतं तर "वा, काय सोपं करून सांगितलंत" आलं असतं, खात्री आहे माझी. आणि 'ताई' म्हणून सुरुवात केली की पुढे काहीही बोलायची मुभा मिळते असं का वाटतं लोकांना?

आमच्या घरात टँक मी शाळेत असल्यापासून आहे. दादाने हौसेने आणला आणि बारावीचं कारण सांगून माझ्या गळ्यात मारला, तेव्हापासून पाणी उपसणं, स्पंज पिळणं, पाइप तोंडाने ओढताना ते पाणी तोंडात जाणं (ज्यांनी केलंय त्यांना चव माहितीये) सगळं मीच केलंय. लग्नानंतर टँक सासरी नेला तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, आता त्याच गप्पींना सकाळी खायला घालतात आणि जास्तच घालतात, तो वेगळा विषय. तेव्हा मी पुस्तकी बोलतेय असं सुचवू नका.

आणि लॉजिक चुकीचं कुठे आहे ते सांगा ना? नव्या टँकमधलं दुधाळ पाणी बहुतेक वेळा बॅक्टेरियामुळे होतं, उरलेल्या खाण्यावर आणि घाणीवर जगणारे, भराभर वाढणारे. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वेगळे, ते फार सावकाश वाढतात, स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात, त्यांचं बस्तान बसायला महिना-दीड महिना सहज जातो. तुम्ही तिसऱ्या दिवशी सगळं नळाखाली घासलंत की क्लोरीनने जे थोडेफार जमलेत तेही गेले, मग परत पहिल्यापासून, परत दुधाळ, परत घासा. म्हणून स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा असं मी ठळक अक्षरात लिहिलं होतं. वाचलंत का तेवढं?

तुरटीने पाणी निवळतं, नाही कोण म्हणतंय, पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपल्या आज्या फिरवायच्याच. पण त्या पाण्यात मासे नव्हते हो! तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी (म्हणजे आम्ल पचवायची ताकद) खाते आणि आपलं धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी आधीच मऊ, त्यामुळे पीएच धाडकन खाली येऊ शकतो, म्हणजे पाणी आम्ल होतं, आणि ६ च्या खाली गेला की ते सावकाश वाढणारे बॅक्टेरिया कामच जवळपास थांबवतात. अमोनिया तुरटीने जात नाही. म्हणजे पाणी काचेसारखं आणि अमोनिया आहे तिथेच.

अमोनिया मोजावा का, तर मोजावा, किट घ्या, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. सगळ्यांकडे किट नसतं म्हणून मी सोपं सांगितलं. शिवाय 'थांबा' म्हणजे हातावर हात धरून बसा असं मी लिहिलेलंच नाही: दोन दिवस खाणं बंद, एअर पंप चालू ठेवा, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्याने तेवढं २५ टक्के बदला आणि मासे वर येऊन हवेसाठी तोंड मारायला लागले तर लगेच अजून बदला. यातलं मासे मारायचं काम कुठलं ते दाखवा.

राहिला तुमचा टँक. किती फुटी, फिल्टर कुठला, किती दिवसांचा, काहीच लिहिलेलं नाहीत. "माझ्याकडे गोल्डफिश आहेत" एवढं मात्र दुसऱ्या एका कमेंटमध्ये दिसलं. गोल्डफिश किती घाण करतात हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही तर अनुभवी. दर आठवड्याला टँक घासावा लागत असेल तर मासे किती आहेत ते मोजून कळवा, मग बोलू. आणि प्लीज, 'ताई' नको.