कामाच्या ठिकाणची लस आणि न्यायालयाच्या नावावर फिरणारा खोटा निकाल

‘सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कामाच्या ठिकाणची प्रत्येक लससक्ती बेकायदा ठरवली आहे, मालकाने लस घ्यायला सांगितली तर त्याच्यावर थेट गुन्हा दाखल होतो, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच केले आहे, लसींमुळेच तरुणांना हार्ट अटॅक येत आहेत, म्हणून कामगारांनो, कावीळ असो की धनुर्वात, कोणतेही इंजेक्शन घेऊ नका,’ अशा आशयाचा एक लांबलचक मजकूर सध्या आपल्या मराठवाड्यात व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझी चुलत बहीण लातुरातल्या एका खासगी रुग्णालयात वॉर्डाची सफाई करते. हा मजकूर तिच्यापर्यंत पोहोचला आणि तिने हिपॅटायटिस-बी या काविळीच्या प्रकारावरच्या लसीचा दुसरा डोस घेतला नाही. ‘ताई, कोर्टानंच सांगितलंय म्हणे, मग कशाला टोचून घ्यायचं?’ असे तिने मला फोनवर विचारले. दोष तिचा नाही. निकालाचे एक पानही न वाचता न्यायालयाच्या नावाने असले सल्ले वाटणाऱ्यांचा आहे, आणि त्यांना उत्तर देणे भाग आहे.

तो निकाल ‘जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यातला असून न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने तो दिला. घटनेच्या २१व्या अनुच्छेदानुसार स्वतःच्या शरीरावर व्यक्तीचा अधिकार असतो आणि कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मजकूर लिहिणाऱ्याने एवढेच उचलले आणि पुढचे सोडून दिले. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या अधिकारांवर काही मर्यादा घालू शकते, मात्र त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, तिच्यामागे रास्त हेतू हवा आणि ती गरजेच्या प्रमाणात हवी, असेही त्याच निकालात आहे. लस न घेतलेल्यांकडून कोविडचा संसर्ग लस घेतलेल्यांपेक्षा जास्त पसरतो, हे दाखवणारी माहिती सरकारने न्यायालयापुढे ठेवली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. खासगी संस्थांसह सर्वांनी आपापल्या आदेशांचा फेरविचार करावा, असे न्यायालयाने सुचवले आणि ही सूचना तेव्हाच्या कोविड परिस्थितीपुरतीच आहे, असेही बजावले. केंद्राचे लसीकरण धोरण मनमानी नाही, हेही त्यातच आहे. मालकावर गुन्हा दाखल करण्याचा आदेश त्यात कोठेही नाही, आणि काविळीच्या किंवा धनुर्वाताच्या लसीचा तर तो खटलाच नव्हता.

हा मजकूर लोकांना पटतो त्याला कारण आहे, आणि ते मान्य करावे लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही, असा आदेश निघाला होता. त्याच महिन्याच्या २७ तारखेला राज्य सरकारने दुकाने आणि आस्थापनांतील कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले असावेत, असे ठरवले. ज्याच्याकडे प्रमाणपत्र दाखवायला स्मार्टफोन नाही, ज्याचा रोज बुडला की संध्याकाळची चूल पेटायची अडचण होते, अशा कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने हा आरोग्याचा प्रश्न राहिलाच नव्हता. धान्य अडवून लस देणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटत होते आणि आजही वाटते. पण त्या अन्यायाचा राग काढायचा म्हणून वेगळ्याच आजाराची, वेगळ्याच कारणासाठी दिली जाणारी लस नाकारायला लावणे हा कामगारांच्या बाजूचा विचार नव्हे.

मजकुरातला सर्वांत घातक भाग हाच आहे. रुग्णालयात वापरलेली सुई पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात जायला हवी, पण गडबडीत ती पिवळ्या पिशवीत पडते, सफाई करणारी बाई पिशवीचे तोंड बांधून ती उचलते आणि चालताना सुईचे टोक तिच्या मांडीत घुसते. ही सुई हिपॅटायटिस-बीच्या रुग्णाची असेल आणि बाईने लस घेतलेली नसेल, तर संसर्ग होण्याची शक्यता साधारण ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ०.३ टक्के आहे. एचआयव्हीच्या नावाने ज्यांचा थरकाप होतो, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस टिकतो. मोठेपणी झालेला संसर्ग बहुतेकांच्या शरीरातून निघून जातो, पण ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो, त्यांना पुढे यकृताचा सिरॉसिस आणि कर्करोग होऊ शकतो. लसीत जिवंत विषाणू नसतो; विषाणूच्या आवरणातले एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून वापरलेले असते. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ च्या सुमारास पोहोचली, त्यामुळे आज वॉर्डात काम करणाऱ्या बहुतेक बायकांना ती लहानपणी मिळालेली नाही.

आता कायद्याकडे येऊ. खासगी नोकरीच्या ठिकाणी लसीची सक्ती करणारा नियमच भारतात नाही, असे मजकूर म्हणतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ तो लिहिणाऱ्याने कधी उघडलेले दिसत नाहीत. रुग्णालय सरकारी असो की खासगी, तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे आणि असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांचे हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वात यांसारख्या आजारांविरुद्ध लसीकरण करून घेणे हे रुग्णालय चालवणाऱ्याचे कर्तव्य असल्याचे चौथ्या नियमात लिहिले आहे. म्हणजे इथली सक्ती आधी मालकावर आहे. कामगाराला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहेच, तो कोणी काढून घेतलेला नाही. पण कंत्राटदारामार्फत आलेल्या सफाई कामगाराला लस द्यायची टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हा मजकूर आयता सोडवतो, कारण मागणारेच उरले नाहीत तर देण्याचा खर्चही उरत नाही. जो हक्क भांडून मिळवायचा, तोच अपमान म्हणून झिडकारायला शिकवणारा हा सल्ला कामगारांच्या भल्याचा कसा, हे पुढे पाठवणाऱ्यांनी सांगावे.

धनुर्वाताचेही तसेच आहे. तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे ‘माझ्यामुळे इतरांना धोका आहे का’ हा कोविडच्या खटल्यातला प्रश्न इथे लागूच पडत नाही. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात गंजक्या पत्र्याने हात कापलेल्या माणसाला इंजेक्शन घ्यायला सांगितले जाते ते त्याच्याच जिवासाठी.

अमेरिकेबद्दलचा दावा अर्धवट आहे. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना लागू होणारा ‘लस घ्या किंवा दर आठवड्याला चाचणी करा’ हा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी रोखला, हे खरे. पण तो नियम काढणाऱ्या सरकारी यंत्रणेला एवढा अधिकार तिथल्या संसदेने दिलेला नाही, हे त्याचे कारण होते, आणि त्याच दिवशी त्याच न्यायालयाने सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची लससक्ती पाच विरुद्ध चार मतांनी चालू ठेवली. दुसरा निकाल मजकुरात नाही.

हार्ट अटॅकच्या दाव्यावर फार लिहीत नाही. १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ४७ रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोविड लसीमुळे हा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविशिल्डसारख्या लसीमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम खरा आहे आणि तो २०२१ पासून माहीत आहे, पण हिपॅटायटिस-बीची लस वेगळ्या पद्धतीने बनते आणि तिचा त्याच्याशी संबंध नाही.

हा मजकूर वाचून ज्यांनी मधला डोस चुकवला असेल, त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तीन डोस पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे असतात, आणि मध्ये खंड पडला तर राहिलेला डोस घेऊन पुढे जायचे असते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही रक्ततपासणी करून घ्यावी. तिचा आकडा दहा किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण मिळाले असे धरतात. लस पूर्ण होण्याआधी सुई टोचली गेलीच, तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी, शक्यतो २४ तासांच्या आत, डॉक्टरांकडे जावे आणि ती घटना रुग्णालयाच्या नोंदवहीत लिहून घ्यायला लावावी.